पाठीतले पाणी



वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावयाचे म्हणजे वक्त्याने एखाद्या राजाचा, किल्ल्याचा, फार तर एखाद्या चळवळीचा इतिहास सांगावा, अशी आपली अपेक्षा असते आणि ती वाजवीही आहे. मी आज आपणांस पाण्याचा इतिहास सांगणार आहे. गोंदियाच्या मंडळींना पाण्याची गोष्ट नवी नाही. कोहळ्यांनी बांधलेले तलाव, नवेगावचा बांध, गावोगावच्या बोड्या आणि धानाच्या बांध्या यांच्या काठीच आपण वाढलो. पण मी म्हणतो ते पाणी याहून पुष्कळ थोडे आहे. आपणा प्रत्येकाच्या शरीरात ते सुमारे १५० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या एका मोठ्या कपाइतके असते. मेंदू त्यात तरंगतो आणि पाठीच्या कण्यातून ते कमरेपर्यंत उतरते. वैद्यकाच्या पुस्तकांत त्यास मस्तिष्क-मेरुद्रव असे भारदस्त नाव आहे. आपण त्यास पाठीतले पाणी म्हणतो, आणि ते काढावयाचे म्हटले की आपली छाती दडपते.

मी वैद्य नव्हे. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. या विषयाकडे मी वळलो तो एका जुन्या आठवणीमुळे, आणि ती आधी सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना मला कुत्रा चावला. तेव्हा आपला भाग भंडारा जिल्ह्यातच मोडत होता. गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. कुत्रा पिसाळलेला होता की नव्हता हे कोणासच ठाऊक नव्हते, कारण तो सापडलाच नाही. मग बेंबीभोवती रोज एक याप्रमाणे चौदा इंजेक्शने घ्यावयाची असे ठरले. माझ्या वयाच्या श्रोत्यांपैकी काहींचे हात आत्ता आपोआप पोटाकडे गेले असतील! त्याच रांगेत आमच्या आळीतला, भातगिरणीवर हमाली करणारा एक तरणाबांड गडी होता. शंभर किलोचे पोते पाठीवर घेऊन फळीवरून चढणारा तो माणूस इंजेक्शनाच्या सुईस भीत असे, आणि मी रडत नाही म्हणून मला शाबासकी देत असे. त्याची इंजेक्शने संपत आली असतील-नसतील, तोच त्याचे पाय बधिर झाले, लघवी अडली, आणि दोन दिवसांत त्यास उभे राहवेना. त्यास दूरच्या मोठ्या इस्पितळात नेले. तेथे डॉक्टरांनी त्याच्या पाठीतून पाणी काढून तपासले. तो जिवंत परत आला, पण चालत आला नाही.

आळीने निकाल दिला तो असा : “पाठीतला पानी काढला न् पाय गेले.” पाय आधी गेले होते आणि पाणी नंतर काढले होते, हा क्रम कोणाच्याच ध्यानात राहिला नाही. भीतीला क्रमाशी कर्तव्य नसते. त्या दिवसापासून आमच्या आळीत कोणीही, कोणत्याही आजारात, पाठीला सुई लावू दिली नाही. त्यांत क्षयाच्या मेंदूज्वराची एक मुलगी होती. असो.

या पाण्याचा शोध कसा लागला, हे मोठे चमत्कारिक आहे. शेकडो वर्षे शरीरशास्त्रज्ञ प्रेते चिरून पाहत होते, तरी त्यांना ते दिसले नाही. कारण साधे होते. चिरफाड करताना आधी मुंडके धडावेगळे करण्याची रीत होती, आणि मुंडके तुटताच पाणी वाहून जाई. नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो याने प्रेत उभे ठेवले, कमरेच्या बाजूने कणा उघडला, आणि १७६४ साली या पाण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे पॅरिसच्या माझांदी याने १८२५ पासून त्याचा कसून अभ्यास केला आणि आज चालते ते नाव दिले. तथापि हे सारे मेलेल्या माणसाचे आणि प्राण्यांचे पाणी होते. जिवंत माणसाच्या पाठीतून ते सुरक्षितपणे काढता येते हे दाखविले ते जर्मनीतील कील येथील हाइन्रिख क्विंके याने, १८९१ साली. त्याच सुमारास लंडनच्या मिडलसेक्स इस्पितळात वॉल्टर एसेक्स विंटर यानेही क्षयाच्या मेंदूज्वराच्या चार रुग्णांच्या पाठीतून पाणी काढले होते. ते चौघेही दगावले. दोघांचाही मूळ हेतू परीक्षेचा नव्हता, उपचाराचा होता. डोक्यातील दाब वाढून रुग्ण तळमळतो, तर थोडे पाणी काढून त्यास आराम द्यावा, एवढेच. क्विंके मात्र तेथे थांबला नाही. काढलेले पाणी फेकून न देता त्याने त्याचा दाब मोजला, त्यातील प्रथिने पाहिली, साखर पाहिली. या परीक्षेचा आरंभ तो येथे.

आता भीतीचा प्रश्न येथेच निकालात काढू. मज्जारज्जू, म्हणजे कण्यातील मुख्य नस, मोठ्या माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपते. सुई घालतात ती त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मध्ये. तेथे मज्जारज्जू नाहीच. तेथे पाण्यात सुटे तरंगणारे मज्जातंतू आहेत, ज्यांस शरीरशास्त्रज्ञांनी घोड्याचे शेपूट असेच नाव दिले आहे. सुई आली की ते बाजूस सरकतात. नंतर काही जणांचे डोके दोन-चार दिवस दुखते, हे खरे. मेंदूत गाठ किंवा सूज असण्याचा संशय असेल तर आधी डोळ्याचा पडदा पाहावा लागतो, डोक्याचे चित्र काढावे लागते, आणि मगच सुई, हेही खरे. पण त्या सुईने धडधाकट माणसाचे पाय जातात, ही समजूत आमच्या आळीची आहे, शरीरशास्त्राची नव्हे.

क्विंकेनंतरच्या वीस वर्षांत हे पाणी बोलू लागले. निरोगी पाणी नळाच्या पाण्यासारखे स्वच्छ असते; एका घनमिलिमीटरमध्ये पाचापेक्षा अधिक पेशी नसतात, साखर रक्तातल्या साखरेच्या सुमारे दोन-तृतीयांश असते. पू झाला की ते गढूळ होते. क्षयाच्या मेंदूज्वरात नळी रात्रभर स्थिर ठेवली तर सकाळी तिच्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे तलम जाळे धरते. हंगेरीच्या पांदी याने १९१० साली कार्बॉलिक आम्लाच्या द्रावणात या पाण्याचा एक थेंब टाकून प्रथिने वाढल्याचे ओळखण्याची युक्ती काढली. थेंब पडताच दुधट धूर उठला की समजावे, काही तरी बिघडले आहे. ही स्वस्त परीक्षा आपल्या देशातील लहानसहान इस्पितळांत पुढे कित्येक दशके चालली.

पण या काळातील सर्वांत मोठी घटना वेड्यांच्या इस्पितळांशी निगडित आहे, आणि तिच्याकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. त्या वेळी युरोपातील वेड्यांची इस्पितळे एका विशिष्ट प्रकारच्या रुग्णांनी भरलेली असत. चाळिशीतला कर्ता पुरुष एकाएकी मोठमोठ्या बढाया मारू लागे, पैसा उधळू लागे, मग त्याची जीभ जड होई, हातपाय लुळे पडत, आणि तीन-चार वर्षांत तो मरे. कोणी म्हणे हा अतिविचाराचा परिणाम, कोणी म्हणे दारूचा, कोणी म्हणे पापाचा. १९०६ साली वासरमान आणि प्लाउट यांनी अशा रुग्णांच्या पाठीतले पाणी उपदंशासाठी शोधलेल्या नव्या रक्तपरीक्षेस लावले, आणि त्या पाण्यात उपदंशाविरुद्धची प्रतिद्रव्ये सापडली. प्रतिद्रव्य म्हणजे काय, हे एका वाक्यात सांगतो : बाहेरचा शत्रू ओळखून त्यास चिकटण्यासाठी शरीर जे खास प्रथिन तयार करते ते प्रतिद्रव्य, त्यासच प्रतिपिंड असेही म्हणतात. १९१३ साली नोगुची आणि मूर यांना अशा रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे जंतूच दिसले. म्हणजे ज्यास वेड म्हणत होते तो एक रोग होता, त्यास कारण होते, आणि त्या कारणाची साक्ष पाठीतले पाणी देत होते. पुढे पेनिसिलिन आले आणि हे वेड जवळजवळ नाहीसे झाले. आपल्या नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ सालचे आहे. त्याच्या भिंतींआड या प्रकारचे किती रुग्ण, कारण कळण्यापूर्वीच, आयुष्य संपवून गेले असतील, याची कल्पना केलेली बरी.

पाठीतल्या पाण्याने वेड हा शब्द पुसून तेथे रोग हा शब्द लिहिण्याची ही पहिली वेळ. दुसरी वेळ यावयास बरोबर एकशेएक वर्षे लागली. त्या दोहोंच्या मध्ये आपला हमाल उभा आहे.

पाश्चरने ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या मुलास पिसाळ रोगाची लस टोचली ही गोष्ट शाळकरी पोरेही जाणतात. ती लस सशाच्या वाळविलेल्या मज्जारज्जूपासून केलेली होती, हे मात्र आपण सहसा शिकवत नाही. पिसाळ रोगाचा विषाणू मज्जासंस्थेत वाढतो, म्हणून लसही मज्जासंस्थेपासूनच करावी लागे. हिंदुस्थानात कसौली येथे डेव्हिड सेंपल याने १९११ साली तीत मोठी सुधारणा केली. विषाणू शिरवलेला मेंदू वाटून, कार्बॉलिक आम्लाने विषाणू मारून, त्याची लस करावयाची. ही लस स्वस्त होती, टिकाऊ होती, लांब पाठवता येत होती. कसौली, कुन्नूर, मुंबईचे हाफकिन अशा ठिकाणांहून ती देशभर गेली. पुढे ती मुख्यत्वे मेंढीच्या मेंदूपासून तयार होऊ लागली. म्हणजे माझ्या बेंबीभोवती जे रोज टोचले जात होते, तो मेंढीच्या मेंदूचा पातळ काला होता.

या लसीस नावे ठेवण्यापूर्वी एक ध्यानात घ्यावे. पिसाळ रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही, हे तेव्हाही खरे होते आणि आजही जवळजवळ तितकेच खरे आहे. सेंपलच्या लसीने अगणित भारतीयांचे प्राण वाचविले. परंतु ती घेणाऱ्यांपैकी थोड्या लोकांना, इंजेक्शने चालू असताना किंवा संपल्यावर लवकरच, पक्षाघात होई. पाश्चरच्या काळापासून डॉक्टरांना हे माहीत होते. प्रश्न असा होता, की हा पक्षाघात कुत्र्याच्या विषाचा, लसीतील अर्धवट मेलेल्या विषाणूचा, की आणखी कशाचा?

याचे उत्तर माकडांनी दिले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत थॉमस रिव्हर्स आणि त्याचे सहकारी यांनी १९३३ साली आठ माकडांना निरोगी सशाच्या मेंदूची इंजेक्शने पुनःपुन्हा दिली. त्यात पिसाळ रोगाचा विषाणू नव्हताच. तरीही दोन माकडांना पक्षाघात झाला, आणि त्यांच्या मेंदूतील मज्जातंतूंवरचे आवरण जागोजाग नष्ट झालेले आढळले. १९३५ साली हाच प्रयोग अधिक इंजेक्शने देऊन केला, तेव्हा बहुतेक माकडे आजारली. म्हणजे दोष विषाणूचा नव्हता, मेंदूचा होता. परक्या मेंदूशी लढावयास शिकलेले शरीर, परका आणि आपला यांतला भेद विसरून, स्वतःच्या मेंदूवर तुटून पडत होते. शरीराचे असे स्वतःशीच वैर असू शकते, हे त्या काळच्या पंडितांना पचणे जड गेले. आज या जातीच्या रोगांस स्वयंप्रतिकारी रोग म्हणतात.

आता आपण पुन्हा पाण्याकडे येऊ, कारण हे वैर पाण्यात दिसते की नाही, हा पुढचा प्रश्न. एल्विन कॅबट हा तरुण अमेरिकन शास्त्रज्ञ स्वीडनमध्ये टिसेलियसकडे विजेच्या साह्याने प्रथिने वेगळी करण्याची विद्या शिकून आला होता. १९४२ साली न्यूयॉर्क येथे त्याने सहकाऱ्यांसह पाठीतल्या पाण्यातील प्रथिने याच रीतीने वेगळी केली. काही रुग्णांत त्यास असे आढळले, की प्रतिद्रव्ये ज्या गटात मोडतात तो गट रक्तात वाढलेला नाही आणि पाण्यात मात्र वाढला आहे. याचा अर्थ, ही प्रतिद्रव्ये बाहेरून झिरपलेली नाहीत. ती कवटीच्या आतच तयार झाली आहेत. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक कडक पहारा आहे. तो ओलांडून फारच थोडी प्रतिद्रव्ये आत जातात. म्हणून आतला शिपाई बाहेरच्या छावणीतून आला की आतच भरती झाला, हे कळण्यासाठी रक्त आणि पाणी शेजारी-शेजारी ठेवूनच पाहावे लागते. पुढे १९७७ साली लिंक आणि टिबलिंग या स्वीडिश संशोधकांनी या तुलनेचे साधे गणितच मांडून दिले. या एका युक्तीवर पुढचा सारा इतिहास उभा आहे.

आमच्या हमालाच्या रोगाचा निवाडा व्हावयास मात्र १९८७ साल उजाडले. थायलंडमध्येही सेंपलचीच लस चालत होती. तेथील हेमाचुधा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लसीनंतर मज्जासंस्थेचे गंभीर आजार झालेल्या रुग्णांचे रक्त आणि पाठीतले पाणी तपासले. त्यांत मज्जातंतूंच्या आवरणातील एका विशिष्ट प्रथिनाविरुद्ध प्रतिद्रव्ये वाढलेली सापडली. अर्धशतकापूर्वी माकडांत जे दिसले होते, ते आता माणसाच्या पाण्यात दिसले. अर्थात या लढाईत प्रतिद्रव्यांखेरीज रक्तातील पांढऱ्या पेशींचाही मोठा हात असतो, आणि आमच्या हमालाचे निदान साठ वर्षांनंतर मी व्याख्यानाच्या व्यासपीठावरून करणे हा आगाऊपणा होईल. पण लक्षणे, वेळ आणि क्रम पाहता, त्याचे पाय कुत्र्याने नेले नाहीत आणि सुईनेही नेले नाहीत, एवढे म्हणावयास मला संकोच वाटत नाही. भारतात मेंढीच्या मेंदूच्या लसीचे उत्पादन २००४ साली थांबले. आता पेशींवर वाढविलेली लस दंडात देतात. चौदा इंजेक्शनांचा काळ गेला.

आपल्या विदर्भास या पाण्याची ओळख आणखी एका वाटेने झाली, ती वाट तापाची. १९६५ साली नागपूरच्या चांदीपुरा भागातील तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने एक नवा विषाणू वेगळा केला, आणि त्यास त्या वस्तीचेच नाव मिळाले. तो फार दिवस निरुपद्रवी समजला गेला. २००३ साली आंध्रात आणि महाराष्ट्रात लहान मुलांच्या मेंदूज्वराच्या साथीत त्याचे खरे रूप दिसले. दुसरा शत्रू जपानी मेंदूज्वर. धानाच्या बांधीत साचलेल्या पाण्यावर वाढणारा डास तो पसरवतो. आपला जिल्हा धानाचा, म्हणून हा रोग आपल्या दारचा. त्याचे निदानही पाठीतल्या पाण्यातील प्रतिद्रव्यांवरून करतात, आणि तेथेही कॅबटचीच युक्ती आहे. आयजीएम जातीचे प्रतिद्रव्य आकाराने इतके मोठे असते की ते पहारा ओलांडून सहसा आत जात नाही. तेव्हा ते पाण्यात सापडले, तर शत्रू मेंदूत आहे असे समजावे. नागपूरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये डॉ. टावरी, डॉ. दागिनावाला, राजपाल कश्यप प्रभृतींनी क्षयाच्या मेंदूज्वरातील पाण्यावर वर्षानुवर्षे काम केले. क्षयजंतूच्या विशिष्ट प्रथिनांचा माग पाण्यात लागतो, हे दाखविणारा त्यांचा निबंध २००५ साली परदेशी नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गोंदियाहून आगगाडीने दोन-अडीच तासांच्या अंतरावर हे काम चालले होते, आणि आम्ही इकडे पाठीला सुई लावू देत नव्हतो.

आता ती दुसरी वेळ. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे काम करणारे स्पॅनिश डॉक्टर होसेप दालमाऊ यांच्याकडे काही तरुण स्त्रियांच्या नोंदी आल्या. सर्वांची कथा एकाच साच्याची. आधी चार दिवस थोडा ताप, डोकेदुखी. मग झोप उडते. मुलगी घाबरते, असंबद्ध बोलते, कोणी मारावयास आले आहे म्हणते, घरच्यांना ओळखत नाही. मग झटके येतात, तोंडाच्या विचित्र हालचाली होतात, अंग ताठून तासन्‌तास एकाच स्थितीत राहते, शेवटी श्वासही अडखळतो. यांपैकी बहुतेकींच्या अंडाशयात एक गाठ होती, आणि त्या गाठीत, आश्चर्य असे, की मज्जापेशी होत्या. २००७ साली दालमाऊ आणि सहकाऱ्यांनी अशा बारा स्त्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांच्या पाठीतल्या पाण्यात मेंदूच्या पेशींवरील एनएमडीए नावाच्या ग्राहीविरुद्ध प्रतिद्रव्ये होती. ग्राही म्हणजे पेशीच्या अंगावरचे कुलूप. मेंदूतला निरोप त्या कुलपात किल्लीसारखा बसतो. प्रतिद्रव्ये ही कुलपे पेशीच्या आत ओढून नेतात. निरोप येतात, पण दार सापडत नाही.

श्रोतेहो, येथे मला क्षणभर थांबावेसे वाटते. आमच्या हमालाच्या पोटात मेंढीचा मेंदू टोचला गेला होता. या मुलींच्या पोटात मज्जापेशींची गाठ आपोआप वाढली होती. दोन्हीकडे मेंदूचा अंश, जेथे नसावा तेथे, पहाऱ्याच्या बाहेर सापडला, आणि शरीराने त्यास शत्रू ठरविले. दोन्ही रोगांची यंत्रणा एक नाही, हे मी जाणतो. तज्ज्ञांनी हे साम्य फार ताणू नये. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला ते दिसल्यावाचून राहत नाही. गाठ नसतानाही हा रोग होतो, पुरुषांना होतो, लहान मुलांना तर पुष्कळदा होतो. आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचे असे, की दुसऱ्या एखाद्या मेंदूज्वरातून उठलेल्या रुग्णास काही आठवड्यांनी तो होऊ शकतो. नागिणीच्या कुळातील एका विषाणूच्या मेंदूज्वरानंतर तो होतो हे आधी कळले. २०१७ साली चीनमधील डॉक्टरांनी जपानी मेंदूज्वरानंतरही तो झालेली मुले पाहिली. तापातून बरे झालेले पोर महिन्याभराने पुन्हा बरळू लागले, तर रोग उलटला किंवा बाहेरचे झाले असे म्हणून बसू नये; पाणी पुन्हा तपासावे.

ही परीक्षा करतात कशी? काचेच्या पट्टीवर मानवी मूत्रपिंडापासून वाढविलेल्या पेशी पसरतात, ज्यांच्या अंगावर युक्तीने एनएमडीए ग्राही उगवविलेले असतात. शेजारी तशाच, पण ग्राही नसलेल्या पेशी ठेवतात. दोहोंवर रुग्णाच्या पाठीतल्या पाण्याचा अंश सोडतात. थोड्या वेळाने धुऊन काढतात. प्रतिद्रव्य असेल तर ते ग्राहीला चिकटून राहते, धुतले तरी जात नाही. मग त्यावर एक चमकणारे रसायन सोडतात, जे माणसाच्या प्रतिद्रव्यालाच धरते. अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्या पेशी हिरव्या उजळल्या आणि दुसऱ्या काळ्याच राहिल्या, की उत्तर मिळाले. खात्रीसाठी उंदराच्या मेंदूच्या पातळ कापावरही तेच करून पाहतात. गोंदियातील नमुना बर्फाच्या डबीत घालून नागपुरास आणि तेथून बंगळूर-मुंबईसारख्या ठिकाणच्या मोठ्या प्रयोगशाळेत जातो. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेचे नाव या कामात विशेष घ्यावे लागेल.

“मग रक्तच का तपासत नाही? बोटभर रक्त द्यावयास आमची ना नाही,” असे नातेवाईक विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. याचे उत्तर २०१४ साली मिळाले. या रोगाच्या २५० रुग्णांचे रक्त आणि पाणी दोन्ही तपासले. पाण्यात प्रतिद्रव्ये अडीचशेच्या अडीचशेंना सापडली. रक्तात २१४ जणांना. म्हणजे नुसत्या रक्तावर विसंबले असते तर छत्तीस माणसे रोग नाही म्हणून परत गेली असती. उलट, धडधाकट माणसाच्या रक्तातही कधीकधी ही प्रतिद्रव्ये थोडीशी आढळतात आणि नसता घोळ होतो. सर्वच रोगांत असे नाही. डोळ्यांच्या नसा आणि मज्जारज्जू यांवर हल्ला करणाऱ्या एका रोगाचे प्रतिद्रव्य अमेरिकेतील मेयो संस्थेत २००४ साली सापडले. ते रक्तातच अधिक चांगले दिसते. म्हणून शहाणा डॉक्टर रक्त आणि पाणी दोन्ही एकदम पाठवतो. कॅबटने तेच केले होते.

आणि सापडले तर? स्टिरॉइड, निरोगी लोकांच्या रक्तातून काढलेली प्रतिद्रव्ये, रक्तद्रव बदलणे, गाठ असल्यास ती काढणे. एवढ्याने न भागल्यास आणखी तीव्र औषधे. उपचार महाग आहेत आणि बरे होण्यास महिने लागतात, हे लपविण्यात अर्थ नाही. पण २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ५७७ रुग्णांच्या अभ्यासात, दोन वर्षे ज्यांचा मागोवा घेता आला त्यांपैकी शंभरात ऐंशी जण चांगले बरे झालेले होते. लवकर उपचार मिळालेल्यांची गती अधिक चांगली होती. ओढून नेलेली कुलपे परत येतात, पेशी मेलेली नसते. म्हणून दोन-दोन महिने बेशुद्ध असलेली मुलगी पुढे कॉलेजात जाऊ शकते.

मात्र “लवकर” या शब्दापाशीच आपले घोडे अडते. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी रात्रभर जागते, घुमते, किंचाळते. आपल्या गावात अशा मुलीस प्रथम कोठे नेतात, हे मी सांगावयास नको. भगत येतो, लिंबू कापले जाते, कोणाच्या तरी करणीचे नाव निघते, कधी मुलीला बांधून ठेवतात. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा केला. भूत काढण्याच्या नावाखाली बांधणे-मारणे त्याने गुन्हा ठरविले आहे. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसास औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणेही गुन्हाच आहे. माझे कुत्र्याचे प्रकरण आणि या मुलींचे प्रकरण एकाच कायद्यात शेजारी-शेजारी यावे, याची मला मोठी मौज वाटते. पण कायदा मांत्रिकाला धरतो. इस्पितळाच्या संमतिपत्रावर सही न करणाऱ्या चुलत्याला धरत नाही. मुलगी शेवटी इस्पितळात पोहोचते, डॉक्टर म्हणतात पाठीतले पाणी काढावे लागेल, आणि चुलता म्हणतो, “ते सोडून काय वाट्टेल ते करा.” शिकलेली माणसेही असे म्हणतात. मी स्वतः माझ्या घरच्या एका आजारात म्हटले होते. तीन दिवस वाया गेले. डॉक्टरांनी मला चित्र काढून मणके दाखविले, तेव्हा कोठे मी सही केली.

गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पाणी काढण्याचे काम आता आगगाडीच्या प्रवासावर अवलंबून राहिलेले नाही. नमुना तेवढा प्रवासास जातो. शरीर हे पाणी दिवसाकाठी सुमारे अर्धा लिटर नवे तयार करते. परीक्षेस लागते ते दहा-पंधरा मिलिलिटर. म्हणजे सही करून नातेवाईकाने खाली उतरावे, टपरीवर चहा सांगावा, तो निवेपर्यंत थांबून प्यावा, आणि जिना चढून परत यावे. तेवढ्या वेळात काढलेले बहुतेक पाणी रुग्णाच्या पाठीत पुन्हा भरलेले असते.